भोंग्याचा पक्का तक्ता

त्या घरात कोणी पाणी मागितलं तरी आधी तक्ता दाखवला जायचा, मग पाणी. तक्ता फ्रिजच्या दारावरच होता, त्यामुळे तपासनिसांची सोय व्हायची. चार चुंबकांनी ताणून बसवलेला, पट्टीने रेघा मारलेला, मथळा लाल शाईत. हातात पट्टी घेऊन ते बाजूला उभे राहायचे आणि समजावून सांगायचे: हा वार, ही सकाळची गोळी, ही संध्याकाळची, आणि हा शेवटचा, सगळ्यांत रुंद रकाना हिरड्यांच्या रंगाचा. गोळ्यांचे रकाने घरातल्या बायकांकडे होते. हिरड्यांचा रकाना जबाबदारीचा, म्हणून तो त्यांनी स्वतःकडे ठेवला होता.

तपासनीस हा त्यांचा हुद्दा. बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी बुचं तपासली. म्हणजे तपासली असं कागदोपत्री दिसतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी हुद्दा काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. गल्लीत सगळे त्यांना तपासनीसच म्हणायचे, आणि बायको माहेरच्यांशी बोलताना 'आमचे तपासनीस' म्हणायची. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे माहेरच्यांनी कधी विचारलं नाही.

आणि भोंगा म्हणजे घरातलं कुत्रं. नऊ वर्षांचा, तपकिरी, कान जमिनीला टेकतील इतके लांब. पिल्लू असताना कारखान्याचा भोंगा वाजला की हाही मान वर करून सूर लावायचा, म्हणून हे नाव. पावणेदोन महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याने सूर लावला नाही. उठलाच नाही. जीभ पांढरीफटक, लघवी काळ्या चहासारखी. घरातल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सुनेने त्याला चादरीत गुंडाळून गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई चाळिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "याला बाहेरून काही झालेलं नाही. याची स्वतःची प्रतिकारशक्तीच बिथरलीय. ती याच्याच तांबड्या पेशींना शत्रू समजून मारतेय. शंभरात चाळीस भाग तरी तांबड्या पेशी हव्यात, याच्या बारा उरल्यात."

दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवलं, पाच दिवस ठेवून घेतलं, आणि भोंगा घरी आला तो औषधांची पिशवी घेऊन. मुख्य औषध एकच: प्रतिकारशक्तीला दाबून धरणारी छोटीशी पांढरी गोळी. सकाळी एक, संध्याकाळी एक, पोटात काहीतरी घालून.

"ही गोळी चुकवायची नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "आणि मनाने कमी तर मुळीच करायची नाही. कमी कधी आणि किती करायची, ते मी रक्त बघून ठरवेन. रोज ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असल्या तर ठीक. फिक्या दिसल्या तर त्याच दिवशी माझ्याकडे."

इतकं सोपं होतं. पण सोपी गोष्ट सोपी राहू दिली तर तपासनीस कसले! त्यांनी त्याच दिवशी तक्ता आखला.

तक्ता आला म्हटल्यावर नियम आले. रिकामा चौकोन म्हणजे गुन्हा. गोळी दिल्याबरोबर बरोबरची खूण करायची, खूण चौकोनाच्या मधोमध यायला हवी, रेघेला शिवायला नको. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर, म्हणून तो वाचला. सकाळची गोळी बायकोकडे आणि संध्याकाळची सुनेकडे आली.

पहिला आठवडा दृष्ट लागण्यासारखा गेला. तपासनीस रोज सकाळी चष्मा पुसायचे, खिडकीपाशी भोंग्याला उभं करायचे, ओठ वर करायचे, मान तिरकी करून बघायचे आणि 'गुलाबी' असं ठळक अक्षरात लिहायचे. आठवड्याने रक्त तपासलं तर तेहतीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. हाच डोस चालू ठेवा. दोन आठवड्यांनी या." त्यांनी मोजून तीन पाकिटं दिली, तीस गोळ्या. तपासनिसांना आभाळ ठेंगणं झालं. सगळं श्रेय तक्त्याचं, गोळीचा नंबर दुसरा.

खरी गंमत पुढच्या दोन आठवड्यांत झाली.

त्या गोळीने कुत्र्याला भूक लागते आणि तहान लागते. भोंग्याला लागलेली भूक साधी नव्हती. त्याने साबणाची वडी खाल्ली, तपासनिसांच्या चपलेचा अंगठा खाल्ला, आणि वर पाण्याच्या दोन-दोन बादल्या रिचवल्या. प्यालेलं पाणी कुठेतरी बाहेर पडणारच. ते दिवाणखान्यात पडलं, पलंगाखाली पडलं, सुनेच्या कामाच्या बॅगेवर पडलं. फरशी पुसता पुसता सुनेच्या नाकी नऊ आले. तिला सकाळी साडेसहाला कुरिअरच्या गोदामात हजर राहावं लागायचं, पार्सलांची वर्गवारी करायला.

त्यातच बायकोचे भाऊ येऊन गेले. येताना हातात मोठा डबा. "ताई, ही पावडर घाल त्याला. प्रतिकारशक्ती दुप्पट होते."

सून फरशी पुसत होती, ती उकिडवी बसूनच म्हणाली, "मामा, ती शेफारली म्हणूनच तर तो मरायला टेकला होता."

मामांचा चेहरा उतरला. डबा त्यांनी परत नेला, पण जाताजाता बहिणीच्या कानाला लागलेच: "तू म्हणतेस त्या गोळ्या फार वाईट हं. पोट बघ कसं सुटलंय त्याचं." झालं. बायकोच्या मनात पाल चुकचुकली. पोट सुटलं होतं हे खरंच होतं. डॉक्टरीणबाईंनी ते होणार असं सांगितलंही होतं, पण सांगितलेलं विसरायला आणि भावाचं लक्षात ठेवायला बायकोला कष्ट पडत नसत. तिने आपल्या मनाशी तोडगा काढला: एक दिवस गोळी, एक दिवस पोटाला विश्रांती.

आणि तक्त्यावर? तक्त्यावर रोज खूण. कारण पहिल्याच बुधवारी एक चौकोन रिकामा सापडला होता आणि तपासनिसांनी जेवणाच्या टेबलावर शिस्त या विषयावर असं काही बोलून घेतलं होतं की ताटातलं सगळं गार झालं. चूक सुनेची होती. "दिली होती हो बाबा, खूण राहिली," ती म्हणाली. दिली नव्हती. पण असं म्हटल्यावर तपासनीस लगेच निवळले. "मग कर खूण! चौकोन रिकामा कशाला ठेवायचा?" गोळी द्यायची राहिली तर काय करायचं, हे त्यांनी विचारलंच नाही. तिथून पुढे घर सुधारलं. गोळी राहिली तरी खूण राहीनाशी झाली.

आता तपासनिसांचं. या दोन आठवड्यांतल्या चौथ्या दिवसापासून त्यांनी ओठ वर करणं सोडलं. त्यात वाईट हेतू नव्हता. भोंग्याच्या तोंडाला वास येत होता आणि कंबर दुखत होती. शिवाय सलग इतके दिवस गुलाबी निघालेली हिरडी आजच कशाला रंग बदलेल? कारखान्यात त्यांनी हेच केलं होतं. शंभर बुचं चांगली निघाली की पुढची हजार न बघता चांगली. म्हणून रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते फ्रिजपाशी जायचे, आपल्या रकान्यात वरच्या ओळीत काय लिहिलंय तेवढंच बघायचे आणि खाली तेच लिहायचे. मागे भोंगा फरशीवर पसरलेला असायचा. अलीकडे जरा जास्तच पसरलेला असायचा.

तपासणीच्या आदल्या दुपारी मात्र तपासनिसांच्या अंगात उत्साह संचारला. उद्या बाहेरचं माणूस आपला तक्ता बघणार! त्यांनी तो फ्रिजवरून उतरवला आणि बघतात तर काय, दुसऱ्या आठवड्यात सहा चौकोन रिकामे. भीतीसुद्धा माणूस थकला की थकते. सुनेला खूण करायचंही त्राण उरलं नव्हतं. शिवाय एका कोपऱ्यावर भोंग्याने दात लावलेले.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने विचारलं असतं की या सहा गोळ्या गेल्या कुठे. तपासनीस उठले आणि नवा कोरा कागद घेऊन बसले.

कारखान्यात याला 'पक्कं करणं' म्हणायचे. बाहेरचे अधिकारी यायच्या आधी कच्ची वही समोर ठेवायची आणि पक्की वही लिहायची. पक्क्या वहीत खाडाखोड नसते, चुकलेली बुचं नसतात आणि रिकामी जागा तर नसतेच. हे काम करावं तपासनिसांनीच. एकाच हाताने लिहिलंय याचा ते ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. तीन पाळ्यांना तीन पेनं. रात्रपाळीचं अक्षर जरा पेंगुळलेलं. एखाद्या पानावर तेलाचं बोट. साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली होती, ती कशासाठी हे साहेबांनाही माहीत होतं आणि त्यांनाही.

तीच कला आज भोंग्याच्या कामी आली. बायकोची खूण आडवी, शेपटी लांब, ती निळ्या पेनाने. सुनेची खूण छोटी, घाईची, ती काळ्या. सहाही रिकामे चौकोन त्यांनी तिच्या हाताने भरले, म्हणजे तिच्यासारख्या हाताने. मनात जराही खोट नव्हती. गोळी दिली असणारच, खूण राहिली असणार. घरातली माणसं कामचुकार असतील, पण इतकी नाहीत. कच्चा तक्ता त्यांनी नियमाप्रमाणे फाडला, बारीक तुकडे करून केराच्या डब्यात टाकला, आणि पक्का तक्ता प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत सरकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून गाडी घेऊन आली. भोंगा स्वतःहून गाडीत चढला नाही. तिने उचलून घेतला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "बाबा, हा थंड लागतोय."

"पाऊण तास फरशीवर झोपला होता, थंडच लागणार," तपासनीस म्हणाले आणि पिशवी मांडीवर सरळ धरून बसले, वाकायला नको म्हणून.

दवाखान्यात नर्सने रक्त घेतलं, काचेच्या बारीक नळीत भरून यंत्रात फिरवलं. डॉक्टरीणबाईंनी नळी उजेडात धरून मोजपट्टीला लावली आणि पुन्हा लावली.

"सतरा."

सुनेने टेबलाची कड धरली. भोंगा टेबलावर आडवा, कान दोन्ही बाजूंना सांडलेले, पोट भराभर वरखाली होत होतं.

"गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?"

हाच तो क्षण, ज्यासाठी तपासनीस आदल्या दुपारी तीन तास बसले होते. त्यांनी पिशवीतून तक्ता काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी तो बोट फिरवत वाचला, ओळ न ओळ. चौदा दिवस, अठ्ठावीस खुणा. त्यांचा चेहरा पडत गेला.

"एकही चुकलेली नाही," त्या हळू म्हणाल्या.

"एकही नाही," तपासनीस म्हणाले.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. जनावरांचे डॉक्टर खुर्ची ओढून बसले की समजावं, पुढचं ऐकायला आपणही बसलेलं बरं. "मग मला तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. पूर्ण डोस, एकही दिवस न चुकता, आणि तरी रक्त तेहतिसावरून सतरावर आलंय. याचा अर्थ हा औषधाला दाद देत नाही. याहून जहाल औषधं आहेत, पण ती याच्या वयाला झेपतील असं मला वाटत नाही. किंवा प्लीहा काढायची शस्त्रक्रिया. एवढ्या कमी रक्तात टेबलावरच जाण्याची भीती जास्त. त्याचे हाल करायचे नसतील तर..." त्या थांबल्या. "त्याला शांतपणे झोपवणं हाही एक मार्ग आहे. आज ठरवायला हवं असं नाही. पण लवकर."

सून रडायला लागली. आवाज न करता, तोंडावर हात दाबून.

तपासनीस तक्त्याकडे बघत होते. त्यांच्या आयुष्यात प्रथमच असं झालं होतं, की त्यांनी लिहिलेलं कोणीतरी खरं मानलं होतं. एकतीस वर्षं पक्क्या वह्या गेल्या, शिक्के बसले, कपाटात पडल्या. त्या वाचून कोणी कधी काही केलं नाही. बुचं आपली गळायची तशी गळत राहिली. आणि ही बाई मात्र त्यांच्या सहा काळ्या खुणा वाचून भोंग्याला मारायला निघाली होती.

गप्प बसणं सोपं होतं. कच्चा तक्ता फाडलेला होता, विचारणारं कोणी नव्हतं.

"यातल्या सहा मी केल्यात," ते म्हणाले.

"काय केल्यात?"

"खुणा. सहा चौकोन रिकामे होते. मी काल बसून भरले. हिच्या हातासारख्या." त्यांनी सुनेकडे बघितलं नाही. "तक्ता पक्का करताना."

डॉक्टरीणबाईंना 'पक्का करताना' हे काय प्रकरण आहे ते कळलं नाही, पण बाकीचं कळलं. त्या खुर्चीतून उठल्या. "म्हणजे सहा गोळ्या गेल्या नाहीत?"

"गेल्या असतील. नसतीलही."

सुनेने नाक पुसलं. तिचा आवाज एकदम कोरडा झाला. "सहा नाहीत, बाबा. सहा तर नुसत्या रिकाम्या होत्या. खुणा केलेल्यांतल्याही मी दिल्या नाहीत. घरी आले की आधी फरशी पुसायची, मग डोळा लागायचा. सकाळी आठवायचं. रिकामं ठेवलं की तुम्ही बोलायचात, म्हणून खूण करून टाकायचे."

डॉक्टरीणबाईंनी घरी फोन लावायला सांगितलं. फोन स्पीकरवर ठेवला. बायको आधी म्हणाली, "दिली ना, रोज दिली." मग डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकल्यावर म्हणाली, "म्हणजे एक दिवसाआड. पोट फार सुटलं होतं हो त्याचं. पण तक्त्यावर रोज गुलाबी येत होतं ना! ह्यांनी रोज गुलाबी लिहिलेलं बघितलं, म्हटलं आपलं बरोबर चाललंय."

तपासनिसांनी मान खाली घातली. नर्सने सुनेच्या हातातून औषधांची पिशवी घेतली आणि पाकिटं टेबलावर उलटी करून उरलेल्या गोळ्या मोजल्या. उरायला हव्या होत्या दोन. उरल्या होत्या पंधरा.

"तेरा," नर्स म्हणाली आणि कपाळाला हात लावला.

डॉक्टरीणबाई मात्र वेगळ्याच दिसायला लागल्या. रागावलेल्या होत्या, चांगल्याच रागावलेल्या, पण हात भराभर चालू लागले होते. सुई, सलाइन, इंजेक्शन. "औषध हरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "औषध पोटात गेलेलंच नाही. याला आज इथे ठेवतेय. पूर्ण डोस माझ्या हाताने देणार. रक्ताची सोय होते का बघते. काही सांगत नाही आत्ता. पण झोपवायचं वगैरे राहू द्या."

भोंगा त्यातून वाचला, हे आत्ताच सांगून टाकतो, उगीच कोणाचा जीव टांगणीला नको. त्याला अजून गोळी चालू आहे, कमी डोसाची, आणि चपला अजून खातो. पण त्या दुपारी हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी एक कोरा कागद तपासनिसांच्या हातात दिला. "मागचे चौदा दिवस पुन्हा लिहून द्या. खरे. कोणत्या दिवशी गोळी गेली नाही आणि हिरड्या कधीपासून फिकटल्या, ते मला हवंय. त्यावरून पुढचं ठरवायचंय. आठवत नसेल तिथे आठवत नाही असं लिहा."

ते दोघं बाहेरच्या बाकावर बसले. तपासनिसांनी सवयीने रेघा मारायला घेतल्या. पट्टी नव्हती, रेघा वाकड्या आल्या. सुनेने पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं. "द्या, मी लिहिते."

तिने आपल्या संध्याकाळच्या गोळ्या आधी लिहिल्या. गुरुवार, नाही. शुक्रवार, दिली. शनिवार, आठवत नाही. कुठेही स्वतःला सोडलं नाही. मग सासूला फोन करून सकाळच्या विचारल्या आणि त्याही लिहिल्या. तपासनीस शेजारी बसून बघत होते. सारखं वाटत होतं की काहीतरी बोलावं, शिस्तीबद्दल, जबाबदारीबद्दल. शब्द तयार होते, नेहमीचेच. तोंडातून बाहेर पडेनात.

शेवटचा रकाना उरला. ती पेन धरून थांबली.

"हिरड्या, बाबा. फिक्या कधीपासून दिसायला लागल्या?"

"पहिले तीन दिवस गुलाबी होत्या."

"आणि मग?"

समोरच्या भिंतीवर लसीकरणाची जाहिरात होती. तपासनिसांनी ती पूर्ण वाचली.

"मग बघितल्या नाहीत."

"एकदाही?"

"नाही."

तिने त्यांच्याकडे बघितलं. ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. "मग रोज गुलाबी कशाच्या आधारावर लिहीत होतात?"

तपासनिसांना खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं इतकं साधं होतं की ते सांगायला त्यांना फार वेळ लागला.

"वरच्या ओळीत गुलाबी होतं," ते म्हणाले.